आधी ताट, मग पावडर

७० किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला किती प्रथिने लागतात, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवून दिलेले प्रमाण आहे वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम. नियमित वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यासाठी क्रीडापोषणाचे अभ्यासक किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत जातात, म्हणजे ११२ ग्रॅम. पहिला आकडा तब्येत राखण्याचा, दुसरा अंग भरण्याचा. दोहोंमध्ये ५४ ग्रॅमचे अंतर आहे. जिमच्या काउंटरवर रचलेले काळे-सोनेरी डबे, बॅगेच्या जाळीत खोचलेला शेकर, ‘व्हे कुठला घेतोस’ ही मित्रांमधली चौकशी आणि घरच्यांना वाटणारी किडनीची धास्ती, हे सगळे त्या ५४ ग्रॅमभोवती फिरते आहे.

पावडर घ्यावी की घेऊ नये यावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. पण माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. त्याआधी घरातल्या ताटाचा प्रश्न येतो, आणि तो तसाच ठेवला तर नंतरच्या प्रश्नाचे उत्तर काहीही निघाले तरी अर्धेच राहते. ताट दुबळे ठेवायचे आणि घरातल्या एकासाठी महागडा डबा आणायचा, ही पद्धत आता शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही रुळते आहे. ती मला चुकीची वाटते. ती खर्चिक आहे, डब्यात नेमके काय आहे याची खात्री देता येत नाही, आणि घरात ज्या माणसाला प्रथिनांची सर्वांत जास्त निकड आहे त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही. पुढची सगळी मांडणी या एका म्हणण्याच्या समर्थनासाठी आहे.

व्यायाम करणाऱ्याने वेगळे आणि जास्त खावे, ही कल्पना महाराष्ट्राला जिमने शिकवलेली नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले, आणि गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतून पैलवानांच्या पिढ्या घडल्या. त्या तालमींत खुराकाला मेहनतीइतकेच महत्त्व होते: बदाम घोटून केलेली थंडाई, तूप, मटण आणि दूध. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पेल्यात घ्यायची रीत आजही दिसते. म्हशीच्या लिटरभर दुधात ३५ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. दोन वेळचे दूध पिणारा पैलवान तेवढ्यावरच बरीच मजल मारत असे. या खुराकाचे मला आंधळे कौतुक नाही. तुपाने आणि बदामाने मिळत होती ती मुख्यतः ऊर्जा, आणि तासन्‌तास जोर-बैठका काढणाऱ्या, लाल मातीत घाम गाळणाऱ्या देहाला ती पचत होती. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी तासभर व्यायाम करणाऱ्याला तोच खुराक दिला तर पोट सुटेल. शिवाय गरीब घरच्या पोराला तो राजाश्रयाशिवाय किंवा गावच्या वर्गणीशिवाय परवडत नसे. तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी आज हरवली आहे. कोण काय खातो, किती खातो आणि त्याला ते मानवते का, यावर वस्तादाची नजर असे, आणि त्या खुराकाच्या विक्रीत वस्तादाचा पैसा गुंतलेला नसे. आजच्या जिममध्ये खाण्याचा सल्ला देणारा ट्रेनरच अनेक ठिकाणी डबाही विकतो आणि त्यावर कमिशन घेतो. सगळे ट्रेनर असे नसतात, अनेक जण मनापासून शिकवतात. पण सल्ला आणि विक्री एकाच हातात आली की सल्ला कुठल्या बाजूला झुकेल हे वेगळे सांगायला नको.

आता ताटाकडे. साध्या शाकाहारी मराठी घरातला बऱ्यापैकी जेवणाचा दिवस घेऊ आणि हिशेब मांडू. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, साधारण ८ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या ९, वाटीभर मटकीची उसळ ७, वरण ५, भात ४, वाटीभर दही ३, म्हणजे २८. दिवसभरात एक मोठा पेला दूध, ८. रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या १०, आमटी ५, भाजी २, थोडा भात ३, म्हणजे २०. बेरीज होते ६४. आकडे ढोबळ आहेत, कुणाची पोळी जाड तर कुणाचे वरण पातळ, पण चित्र खरे आहे. केंद्र सरकारच्या २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या घरगुती उपभोग सर्वेक्षणांतही देशाची सरासरी याच घरात येते: दरडोई दररोज ग्रामीण भागात ६२ ग्रॅमच्या आसपास, शहरांत ६३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे भारतीय माणूस प्रथिनांवाचून तडफडतो आहे ही जाहिरातींतली हाकाटी सरासरीपुरती तरी खरी नाही. ५८ ग्रॅमची गरज हे ताट भागवते.

पण सरासरी दोन गोष्टी झाकते. पहिली म्हणजे त्या प्रथिनांचा उगम. ग्रामीण भारतात जवळजवळ निम्मी प्रथिने गहू-तांदळासारख्या धान्यांतून येतात. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते, म्हणून वरण-भात आणि भाकरी-पिठले या जोड्या पोषणाच्या दृष्टीने पक्क्या आहेत. डाळ महागली की वरणात पाणी वाढते, उसळ आठवड्यातून एकदाच होते, आणि ही जोडी मोडते. पोट भरते, आकडाही फारसा घसरत नाही, दर्जा मात्र घसरतो. दुसरी झाकलेली गोष्ट घराच्या आतली आहे. सर्वेक्षण घराच्या खरेदीची बेरीज करून ती माणसांत वाटते. ताटात तशी वाटणी होत नाही. आधी पुरुष आणि मुले जेवतात, उरलेल्या आमटीवर बाईचे भागते, आणि उपवासाच्या दिवशी तिच्या वाट्याला साबुदाण्याची खिचडी येते, जी जवळजवळ सगळी पिष्टमय असते आणि ज्यात प्रथिने काय ती दाण्याच्या कुटाची. जिमला जाणाऱ्या मुलासाठी महिन्याला तीन हजारांचा डबा येतो, आणि त्याच घरात रक्तक्षय असलेली आई किंवा गरोदर बहीण दुधाचा पेला ‘राहू दे त्याला’ म्हणून बाजूला सारते. प्रथिनांची खरी तूट कुणाची, हे इथे स्पष्ट दिसते. चाळिशीनंतर स्नायू झिजायला लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. आजी-आजोबांना उठता-बसता येणारा अशक्तपणा पुष्कळदा याच झिजेचा असतो. त्यांच्या खाण्याची चर्चा कोणत्याही जिमच्या काउंटरवर होत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो शाकाहारी तरुणाचा, आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. तो म्हणतो, ६४ ग्रॅम ठीक आहे, मला ११२ हवेत. वरण-भाताने तिथे पोचायचे तर बादलीभर वरण प्यावे लागेल. एकट्या वरणाने जमणार नाही, हे कबूल. पण वरच्या ताटात ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घातल्या की २६ ग्रॅम वाढतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांनी साडेसात. ५० ग्रॅम पनीरने ९. बेरीज १०६ वर जाते, किलोमागे दीड ग्रॅम. १.६ ही वरची कड आहे, त्या खाली थांबल्याने व्यायाम वाया जात नाही. अंडी खाणाऱ्याचे काम आणखी सोपे: चार अंड्यांत २५ ग्रॅम. कोकणात आणि किनाऱ्यावर तर सुका बोंबील आणि सुकट हे प्रथिनांचे भांडार आहे. सुक्या बोंबलात शंभर ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, फक्त मिठाचे भान ठेवावे लागते. खर्चाचाही हिशेब करावा. २५ ग्रॅम प्रथिने सोयाच्या वड्यांतून दहा-बारा रुपयांत मिळतात, अंड्यांतून तीस रुपयांच्या आत, आणि नावाजलेल्या व्हेच्या एका स्कूपमधून ७० ते १०० रुपयांना. सोयामुळे पुरुषत्व कमी होते ही भीती जिमच्या मुलांत खोल रुजली आहे. पुरुषांवर झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांत सोयाचा टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळलेला नाही, हे त्यांना कुणीतरी ठामपणे सांगायला हवे. गावोगाव पहाटे रस्त्यावर धावणारी पोलीस भरतीची मुले भिजवलेले हरभरे, गूळ, केळी आणि उकडलेली अंडी यांवर मैदान मारतात. नाइलाजाने निवडलेला असला तरी तो आहार शास्त्राला धरून आहे.

पावडरवर अन्याय होऊ नये म्हणून ती मुळात काय आहे ते नीट पाहू. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि उरलेले २० टक्के व्हे. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की खाली पातेल्यात जे हिरवट पिवळे पाणी गळते, त्यात व्हे असते. चीजच्या कारखान्यात हेच पाणी प्रचंड प्रमाणात निघते. ते गाळून, त्यातली साखर आणि पाणी काढून, वाळवून भुकटी करतात. साधी काँसन्ट्रेट ८० टक्क्यांपर्यंत आणि आयसोलेट ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांची असते. पचायला हलकी, ल्युसिन या अमिनो आम्लाने समृद्ध, आणि स्नायूंच्या बांधणीला चालना देणारी. हे सगळे खरे आहे. म्हणजे शुद्ध व्हे हे दुधापासून काढलेले अन्नच आहे, आणि त्याला औषध किंवा स्टेरॉइड समजणारे चुकतात. तरीही त्याची करामत किती? २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ४९ चाचण्या आणि १८६३ माणसांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. नियमित वजन-व्यायामाच्या जोडीला जादा प्रथिने घेतल्याने चरबीविरहित वजनात सरासरी ०.३ किलोची भर पडली. नुसत्या व्यायामाने पडलेली भर एक किलोहून थोडी जास्त होती. किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे आणखी प्रथिने घेऊन काही जास्त मिळाले नाही. म्हणजे शरीर बांधते ती मेहनत. प्रथिने तिला हातभार लावतात, आणि तेही एका मर्यादेपर्यंतच. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शेक प्यायला नाही तर सगळे वाया गेले, हा समजही अतिशयोक्त आहे. दिवसभरात एकूण किती प्रथिने पोटात गेली आणि ती तीन-चार खाण्यांत विभागली गेली का, याला जास्त महत्त्व आहे. पहाटे पाचला उठून उपाशीपोटी वजने उचलणारा, रात्री एकपर्यंत मोबाइल पाहणारा आणि पोळी-भात बंद करून दोन स्कूपवर भिस्त ठेवणारा मुलगा महागातली प्रथिने नुसती इंधन म्हणून जाळतो, कारण शरीराला आधी ऊर्जा हवी असते.

डब्यावर जे लिहिले आहे ते डब्यात असते का, हा यापेक्षा कळीचा प्रश्न आहे. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने, कोणत्याही कंपनीचा पैसा न घेता, भारतीय बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या आणि २०२४ साली त्याचा अहवाल मेडिसिन या नियतकालिकात आला. सुमारे ७० टक्के पावडरींच्या लेबलवरचा प्रथिनांचा दावा खरा नव्हता, आणि काहींत तर लिहिल्याच्या निम्मीच प्रथिने निघाली. १४ टक्के नमुन्यांत बुरशीतून येणारी अफ्लाटॉक्सिन ही विषद्रव्ये होती, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. यात फसवणुकीची एक वाटही समजून घ्यावी. प्रथिने मोजण्याची जुनी आणि स्वस्त पद्धत पदार्थातला नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रथिने वाढतात, स्नायूला मात्र काही मिळत नाही. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दूधभुकटीत मेलामाइन मिसळले गेले ते याच पळवाटेचा फायदा घेऊन. अंड्याच्या बाबतीत अशी शंका घ्यावी लागत नाही. हरभरा डोळ्यांना दिसतो, किडका असेल तर कळतो. डब्यातल्या भुकटीची पारख मात्र घेणाऱ्याला घरी करता येत नाही, आणि म्हणूनच ती घेणाऱ्याने १४ आकडी अन्न परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप उलट्या टोकाचा असतो: ही पावडर किडनी खराब करते. निरोगी मूत्रपिंडे असलेल्या माणसात किलोमागे दीड-दोन ग्रॅम प्रथिनांनी इजा झाल्याचा भक्कम पुरावा नाही, हे स्पष्ट लिहायला हवे. मात्र मूत्रपिंडाचा आजार वर्षानुवर्षे मुका राहतो. उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्याला, आणि ज्याच्या घराण्यात हा आजार आहे त्याला, तो आहे हेच ठाऊक नसते, आणि अशा माणसाला जास्त प्रथिने खरोखर महागात पडू शकतात. तेव्हा आहार बदलण्यापूर्वी रक्तदाब मोजणे, रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घेणे हा शहाणपणाचा खर्च आहे. क्रिएटीन हे पूरक घेणाऱ्याने तसे डॉक्टरांना सांगावे. त्याने मूत्रपिंडाला इजा नसतानाही क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसू शकतो. पण वडीलधाऱ्यांच्या सरसकट विरोधामुळे एक वेगळे नुकसान होते, आणि त्याकडे कुणाचे लक्ष नाही. घरात पावडर आणि स्टेरॉइड यांत फरकच केला जात नाही म्हटल्यावर मुलगा दोन्ही लपवायला शिकतो. आणि स्टेरॉइडची इंजेक्शने खरोखर घातक आहेत: वंध्यत्व, यकृताचे विकार, कमी वयात हृदयविकार. मेफेंटरमाइन हे औषध भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी शस्त्रक्रियागृहात वापरतात; ते जिममध्ये जोम येण्यासाठी टोचले जाते, आणि पुण्यासह राज्यातल्या शहरांत पोलिसांना त्याच्या बेकायदा विक्रीवर कारवाया कराव्या लागल्या आहेत. ज्या मुलाला घरी विचारता येत नाही, तो ती सुई कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतो. व्हेच्या डब्यावरून घरात भांडण करण्यापेक्षा पावडर कुठली आणि सुई कुठली हे आईवडिलांनी समजून घेणे फार निकडीचे आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पूरके टाळा असे सांगितले. भुकट्यांतली साखर, कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये, कृत्रिम स्वाद यांकडे संस्थेने वेधलेले लक्ष योग्यच आहे. पण नुसते ‘टाळा’ हे मला अपुरे वाटते. सांगली-सोलापूरहून पुण्यात शिकायला आलेला आणि मेसवर जेवणारा मुलगा घ्या. मेसची आमटी पातळ, पनीर रविवारी, खोलीत गॅस नाही, अंडी उकडायलाही घरमालकाची हरकत. त्याला ‘टाळा’ म्हणणारा सल्ला ट्रेनरच्या ‘घे’ समोर टिकत नाही, कारण ट्रेनर काहीतरी हातात ठेवतो. अशा मुलाने रोज एक स्कूप तपासलेली पावडर दुधात ढवळून प्यायली तर त्यात मला काही गैर दिसत नाही. दात गेलेल्या, चावता न येणाऱ्या आजोबांना डॉक्टरांच्या सल्ल्याने तीच पावडर उपयोगी पडते. माझा विरोध ताट न पाहता डब्याकडे धावण्याला आहे. ताट पाहून, मोजून, उरलेली तूट विश्वासू डब्याने भरणाऱ्याला नाही. मेसचालकांनी रोजच्या ताटात एक घट्ट उसळ आणि दोन उकडलेल्या अंड्यांचा पर्याय ठेवला, तर त्या मुलांपैकी बहुतेकांना डबा लागणारही नाही, आणि त्यासाठी ताटामागे फार तर वीस-पंचवीस रुपये वाढतील. वसतिगृहांच्या व्यवस्थापनांनी आणि विद्यार्थी संघटनांनी ही मागणी लावून धरण्यासारखी आहे.

वाचकाने पुढच्या पानांकडे वळण्याआधी एक काम करावे अशी माझी विनंती आहे. काल दिवसभरात काय काय खाल्ले ते एका कागदावर लिहा, वर दिलेल्या ढोबळ आकड्यांनी त्याची बेरीज करा, आणि त्याच कागदावर शेजारी आईचे, बहिणीचे, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे काल काय खाणे झाले तेही त्यांना विचारून लिहा. किराणा भरताना तो कागद सोबत न्या. हरभरा, मटकी, सोया, अंडी, दूध यांची यादी घरातल्या सगळ्यांच्या बेरजेवरून करा, आणि एवढे करूनही काही कमी पडत असेल तरच पावडरच्या दुकानाची पायरी चढा.